साक्षीदाराच्या शेजारी

कुटिन्हो मॅडम कधी कुणाच्या समोर बसत नसत. खुर्ची उचलून शेजारी आणत. भूगोल विभागाची ती अरुंद खोली, भिंतीवर मोसमी वाऱ्यांचा विटलेला नकाशा, टेबलावर खडकांचे नमुने, आणि टेबलापलीकडची त्यांची स्वतःची खुर्ची कायम रिकामी. रडत आलेली मुलगी असो की तक्रार दाबायला आलेला ट्रस्टी असो, मॅडम त्याच्या बाजूला जाऊन बसायच्या. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "समोर बसलं की चौकशी होते. ती करायला पोलीस आहेत, प्रिन्सिपल आहेत, सगळं गाव आहे. मला ती नोकरी नको."

"मग ट्रस्टींच्या शेजारी का बसता?"

"त्यांना उठून जाता येऊ नये म्हणून."

फिलोमिना कुटिन्हो नालासोपाऱ्याजवळच्या गास गावच्या. घरची केळीची बाग, भाजीचे वाफे. हाडापेराने रुंद, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला मुलगाही पश्चिमी वाऱ्यांची दिशा ऐकून दचकावा. घरच्या माणसांशी त्या घरच्या बोलीत बोलायच्या आणि त्यातलं आम्हा नालासोपाऱ्याच्या फ्लॅटवाल्यांना निम्मंही कळायचं नाही. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं की "वेळ मिळाला नाही" म्हणायच्या, आणि विचारणाऱ्याकडे एवढा वेळ आहे हे हेरून त्याला काहीतरी काम द्यायच्या. स्टाफरूममध्ये त्यांना हा प्रश्न विचारणं लोकांनी लवकरच बंद केलं. पर्समध्ये सुकेळी असायची, बागेतली केळी घरी वाळवून केलेली. पोलीस ठाण्यात, कोर्टात, दवाखान्यात, कुठेही त्या ती वाटायच्या. भुकेल्या पोटी माणूस काहीही कबूल करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती पत्रकांमुळे. माझे वडील युनियनचे. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. मी अक्षरं गिरवली तीच मुळी "कामगार बंधूंनो" वर. साहजिकच कॉलेजात आल्या आल्या मी भित्तिपत्रक सुरू केलं आणि पहिल्याच अंकात कॉलेजच्या महिला तक्रार समितीवर तोफ डागली. ते दिवस नव्वदच्या दशकाच्या अखेरचे. कोर्टाने सांगितलं म्हणून जिकडेतिकडे अशा समित्या होत होत्या. आमच्या कॉलेजातली समिती म्हणजे लेडीज रूमबाहेरची एक पाटी. तिच्यावर पाच नावं, आणि त्यातल्या चौघांना आपण समितीत आहोत हे पाटी वाचूनच कळलेलं. मी हे सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाचवं नाव मला शोधत वर्गात आलं.

"तू लिहिलंस ते खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "आता समितीचं काम कर."

कॉलेजचं नाव मी इथे लिहीत नाही. राजोडीच्या त्या मुलीचंही नाही. ही मॅडमची अट होती आणि ती मी अजून पाळते.

ती मुलगी मच्छीमाराच्या घरची, पहिल्या वर्षाची. जिमखान्याच्या मागे, भर दुपारी, तिघांनी तिला ओढत नेलं. तिघांमधला म्होरक्या आमच्याकडच्या एका बिल्डर-नगरसेवकाचा पुतण्या. कॉलेजात त्याला सगळे पुतण्या म्हणूनच ओळखत, आणि त्याला त्याचा अभिमान होता. तिने बरोबरीने झुंज दिली. कपडे फाटले, मनगट मोडलं. वाचनालयाच्या खिडकीतून हे पाहिलं ते सविताने. सविता माझ्या वर्गातली, विरारच्या मनवेलपाड्यात चाळीत राहणारी, मान खाली घालून चालणारी. ती खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडली म्हणून ते तिघे पळाले. पुढच्या दोन वर्षांची सगळी लढाई त्या एका ओरडण्यावर उभी राहिली. कारण बघणारी ती एकटीच होती.

प्रिन्सिपलनी त्याच संध्याकाळी बैठक बोलावली. दोन्हीकडच्या पालकांना समोरासमोर बसवू, मुलं माफी मागतील, विषय संपवू. कॉलेजचं नाव खराब व्हायला नको. मॅडम अर्थात प्रिन्सिपलच्या शेजारी बसल्या होत्या.

"कॉलेजचं नाव गेटवर दगडात कोरलंय, सर. ते कुठे जात नाही. मनगट मोडलंय ते मुलीचं."

मग त्या उठल्या आणि त्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. मीही मागे गेले. तिथे साहेब म्हणाले, उद्या या. मॅडम म्हणाल्या, बसतो. बाकावर बसल्या, पिशवीतून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि तपासायला लागल्या. मधूनच एखादं उत्तर मोठ्याने वाचून दाखवायच्या. ब्रह्मपुत्रा महाराष्ट्रातून वाहते असं कुणीतरी लिहिलं होतं. ड्युटीवरचा हवालदार हसला, साहेब हसले नाहीत. पहिला गठ्ठा संपला, दुसरा निघाला, तेव्हा साहेबांनी तक्रार लिहून घ्यायला सांगितलं. लिहिणाऱ्याने मुलीच्या आईला "बाई, पुढे त्रास होईल, घाबरणार नाही ना?" असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमी दर्याच्या पान्याला नाय घाबरलो. तुमचा त्रास काय पान्यापेक्षा मोठा हाय?"

मॅडमनी तिला एक सुकेळं दिलं. हवालदारालाही दिलं.

मी रात्रीतून पत्रक लिहिलं. जळजळीत होतं. "सत्तेच्या माजलेल्या बोक्यांनो" अशी सुरुवात. त्यात त्या मुलीचं गाव होतं, बापाचा धंदा होता, काय झालं त्याचं वर्णन होतं. छापण्याआधी मॅडमना दाखवलं. त्यांनी खिडकीशी उभं राहून दोनदा वाचलं.

"हे वाचून राजोडीत किती जणांना कळेल ती कोण?"

सगळ्यांनाच कळेल, मी म्हणाले, पण लपवायचं कशाला, लाज तिला नाही, त्यांना वाटली पाहिजे.

"खरं आहे. पण लाज कुणाला वाटली पाहिजे हे ठरवायचा हक्क तिचा. तुझा नाही, माझा नाही." कागद परत देत त्या म्हणाल्या, "बोक्यांची नावं राहू दे. ती छाप. मोठ्या टाइपात."

मी भांडले. मला आजही वाटतं की त्या काळात आम्ही फार दबून लिहिलं. पण मॅडमचं माणसांकडे पाहणं वेगळं होतं. मला मोर्चा दिसायचा, त्यांना मोर्चात पायाला फोड आलेली बाई दिसायची. पत्रक निघालं. पुतण्याचं पूर्ण नाव त्यात ठळक होतं. मॅडमनी स्वतः ते गेटवर वाटलं, आणि पुतण्याचा काका गाडीतून उतरला तेव्हा त्यालाही एक दिलं.

खटला उभा राहिला आणि तारखा पडत गेल्या. कधी आरोपीचे वकील आजारी, कधी कागद आलेले नाहीत. प्रत्येक तारखेला राजोडीची मुलगी, सविता आणि मॅडम वसईच्या कोर्टात जाऊन बसायच्या आणि पुढची तारीख घेऊन परतायच्या. सविता रडकुंडीला यायची. मॅडम म्हणायच्या, "घाई त्यांना नाही. आपण दमावं हेच त्यांना हवंय. आपण दमायचं घरी जाऊन."

एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण यावरूनच पुढे त्यांच्यावर आळ घेतला गेला. तारीख नव्हती अशा एका दिवशी त्या सविताला कोर्टात घेऊन गेल्या. जेवणाची सुट्टी होती, खोली रिकामी होती. शिपायाची परवानगी घेतली आणि तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. इथे न्यायाधीश, इथे सरकारी वकील, इथून तो वकील येईल, तो जवळ येईल, आवाज चढवेल. आरोपी तिकडे उभे असतील, आणि ते तुझ्याकडे बघतील. कठड्याला हात लाव. हलतो का? नाही हलत. मग याला धरून उभी राहा.

"मी काय बोलायचं?" सविताने विचारलं.

"ते मी विचारणार नाही आणि सांगणारही नाही. तू पाहिलंस, मी नाही पाहिलं. आठवत असेल ते सांग. नसेल आठवत तर आठवत नाही म्हण. तेही उत्तरच आहे."

मी म्हणाले, तालीम करून घेऊ, मी वकील बनते. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन तिघींसाठी चहा आणला.

साक्षीची वेळ जवळ आली तसे मनवेलपाड्यात लोक येऊ लागले. संध्याकाळी चाळीसमोर दोन-तीन मोटरसायकली उभ्या राहायच्या. कुणी काही बोलायचं नाही. फक्त सविताच्या दाराकडे तोंड करून बसायचे. एकदा दारावर दगड आला. सविताचे वडील चिपळूणकडचे, मुंबईत एका कंपनीत कारकून, घरी यायला नऊ वाजायचे. संध्याकाळभर घरात सविता आणि तिची आई. शेजारच्या बायकांनी दारं लावून घेतली. बोलल्याच तर बंद दाराआडून बोलायच्या.

पोलिसांकडे अर्ज गेला. बंदोबस्त एक दिवस आला, दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हा मॅडमनी त्यांच्या गावात केलं जातं तेच केलं. गासमध्ये एखाद्या घरावर प्रसंग आला की शेजारच्या बायका काम घेऊन त्या घरच्या ओटीवर येऊन बसतात. कुणाला बोलवावं लागत नाही आणि कुणी उठ म्हणत नाही. मॅडमनी पाच-सहा बायका आणल्या. पुढारी मारथा मावशी. वय झालेलं, दात थोडेच, बाकी सगळं शाबूत. रोज संध्याकाळी या बायका गासहून यायच्या, चाळीच्या गॅलरीत सविताच्या दारासमोर फतकल मारून वालाच्या शेंगा सोलायच्या. खाली मोटरसायकली, वर शेंगा. मारथा मावशी टरफलं नेमकी गॅलरीच्या कडेवरून खाली टाकायची. एका पोराच्या डोक्यावर पडली, त्याने वर पाहून शिवी दिली, तेव्हा मावशीने आपल्या बोलीत त्याला असं काही सुनावलं की बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. मॅडमना अर्थ विचारला तर म्हणाल्या, "भूगोलात येत नाही."

आणि मग चूक झाली. ऑक्टोबर लागला. ख्रिस्ती घरांत हा महिना जपमाळेचा. संध्याकाळी सात वाजले की गासमध्ये चर्चची घंटा होते आणि बायका हातातलं टाकून रोझरी म्हणतात. मनवेलपाड्यात घंटा नव्हती, पण मारथा मावशीच्या अंगातच ती होती. पहिल्याच संध्याकाळी तिने शेंगांची परात बाजूला सारली, माळ काढली, आणि कुणाच्या काही लक्षात येण्याआधी सगळ्या बायका एका सुरात प्रार्थना म्हणायला लागल्या. सविताच्या आईनेही देवाचं आहे म्हणून हात जोडले.

दोन दिवसांत विरारभर पत्रक फिरलं. माझ्या हातात ते आलं तेव्हा कागद, टाइप, उद्गारचिन्हं, सगळं मला घरच्यासारखं ओळखीचं वाटलं, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. एक प्राध्यापिका खटल्याच्या नावाखाली गरीब हिंदू कुटुंबाला बाटवते आहे. जागे व्हा. लहानपणापासून मी पत्रकाला सत्याचा धाकटा भाऊ समजत आले होते. त्या दिवशी कळलं की ते कुणाच्याही घरी जेवतं.

मॅडमनी ते पत्रक भूगोल विभागाच्या दारावर चिकटवलं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हे माझ्याबद्दल आहे. भेटायची वेळ दुपारी दोन ते तीन." आठवडाभर ते तिथे होतं. कुणी आलं नाही.

पण मनवेलपाड्यात ते पत्रक बरोबर लागलं. सविताच्या वडिलांनी रजा टाकली. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला पाणी दिलं, आणि मग हात जोडून म्हणाले, "मॅडम, उद्यापासून तुमच्या बायका नकोत. आणि साक्षही नको. गावाहून भावाचा फोन आला. मला अजून एक मुलगी उजवायची आहे."

मला वाटलं आता मॅडम त्या पत्रकाची चिरफाड करतील. मी तर तयारच होते. मॅडम त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या.

"रोझरी म्हटली ती चूक आमची," त्या म्हणाल्या. "तुमच्या दारात तुमची परवानगी न घेता म्हटली. मारथाबाईला मी सांगायला हवं होतं. मी माफी मागते." मग म्हणाल्या, "साक्षीचं मात्र तुम्ही मला सांगू नका. ती जिने द्यायची तिने सांगावं."

वडिलांनी सविताकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मी बघितलंय, बाबा," ती म्हणाली. "आता न बघितल्यासारखं कसं करू?"

भिंतीपलीकडून कुणीतरी खाकरलं. चाळीच्या भिंती त्या, सगळं ऐकू जातं. शेजारच्या पाटणकर काकू, साताऱ्याकडच्या, दगड आला त्या दिवसापासून दार लावून बसलेल्या. त्या दार उघडून आल्या आणि सविताच्या आईला म्हणाल्या की नवरात्र बसतंय, यंदा भोंडला घरात नको, खाली चौकात करू, रोज. मग मॅडमकडे वळल्या. "तुमच्या त्या मावशींना पण आणा. त्यांना फेर धरता येतो का?"

मॅडम म्हणाल्या, "येत नसेल तर शिकतील."

नवरात्रभर मनवेलपाड्याच्या त्या चौकात, मोटरसायकली जिथे उभ्या राहायच्या नेमक्या त्याच जागी, पाटावर हत्ती मांडलेला असायचा आणि भोवती चाळीतल्या सगळ्या बायका आणि गासच्या बायका. मोटरसायकलींना जागाच उरली नाही. दोन दिवस त्या रस्त्यापलीकडे थांबल्या. मग तिसऱ्या संध्याकाळी काकूंनी त्या पोरांना खिरापत ओळखायला लावली, आणि चौथ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. मारथा मावशी रोज खिरापत ओळखताना पहिलं नाव सुकेळीचं घ्यायची, आणि रोज सगळ्या जणी तिची टर उडवायच्या. सात वाजता ती बाजूला जाऊन, जिन्याच्या पायरीवर बसून, मनातल्या मनात माळ ओढायची. काकू तिच्यासाठी खिरापत राखून ठेवायच्या.

निकालाचं आधीच सांगून टाकते. पुतण्या आणि आणखी एक दोषी ठरले, तिसरा सुटला. पुढे अपिलं झाली. काकाचं राजकारण आजही चालू आहे. समितीच्या पाटीवरून मॅडमचं नाव त्याच वर्षी काढण्यात आलं, आणि कारण विचारल्यावर रंगकाम चालू आहे असं उत्तर मिळालं. हे सगळं घडलं, आणि मला त्याचा राग आहे, आणि तो राहणार आहे. पण मॅडम म्हटलं की मला आठवतो तो सविताच्या साक्षीचा दिवस.

खोली गच्च भरली होती. आरोपीच्या वकिलांनी आवाज चढवला, जवळ आले, सगळं मॅडमनी सांगितलं होतं तसंच. खिडकीत काय करत होतात? अभ्यास. अभ्यास करणारी मुलगी खिडकीबाहेर बघते? "ओरडणं ऐकल्यावर बघते," सविता म्हणाली. मग त्यांनी मोर्चा मॅडमकडे वळवला. साक्षीदाराला या बाई कोर्टात आणून शिकवतात, आत्ताही ती प्रत्येक उत्तराआधी त्यांच्याकडे पाहते, यांना बाहेर काढावं. न्यायाधीशांनी काही म्हणायच्या आत मॅडम स्वतः उठल्या, मान लववली आणि बाहेर गेल्या. सविताने त्यांची पाठ दारातून जाताना पाहिली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.

"तुमच्या घरी ख्रिस्ती बायका प्रार्थनेला येत होत्या, हे खरं आहे ना?"

"हो," ती म्हणाली. "भोंडल्यालाही येत होत्या."

मागून हसण्याची लाट आली. न्यायाधीशांनी शांत राहायला सांगितलं, पण तेही खाली मान घालून काहीतरी शोधायला लागले. त्यानंतर सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दुपारी पाहिलेल्या तिघांपैकी कुणी इथे आहे का? सविताने मान वर केली, आणि मी तिला कॉलेजात कधी मान वर करताना पाहिलं नव्हतं. तिने हात उचलला आणि एकेकाकडे बोट केलं. पुतण्यावर ते बोट जरा जास्त वेळ राहिलं.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा आवाराच्या मोठ्या गेटमध्ये काकाची जीप आडवी लावलेली होती. बॉनेटवर दोघं बसलेले, आत चौघं. शेजारी भिंतीला एक लहान फट आहे, माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. बंदोबस्ताचा हवालदार आम्हाला तिकडेच वळवायला लागला, बाई, उगाच कशाला, इकडून निघा. राजोडीची मुलगी थांबली, तिची आई थांबली, सविताचे वडील तर त्या फटीकडे निघालेच होते. मॅडम पिंपळाखाली उभ्या होत्या, तिथून आमच्याकडे येत होत्या. मला वाटलं, आता त्या पुढे होतील. सगळ्यांनाच तसं वाटलं.

सविता सरळ जीपपाशी गेली. तळहाताने बॉनेटवर दोनदा थापटलं, दार वाजवावं तसं.

"मागे घ्या," ती म्हणाली. "आम्हाला जायचंय."

बॉनेटवरच्या पोरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे. मागे राजोडीच्या मायलेकी येऊन उभ्या राहिल्या होत्या, पाटणकर काकू होत्या, गासच्या बायका होत्या, आणि फटीपर्यंत गेलेले वडील परत फिरून मुलीच्या खांद्यापाशी येत होते. पोरं उतरली. ड्रायव्हरने गिअर टाकला. जीप हळूहळू मागे गेली.

मी मॅडमना शोधलं. त्या पुढे आल्याच नव्हत्या. बायकांच्या पार मागे, कुणाच्या तरी खांद्यावरून टाचा उंचावून त्या पुढचं बघायचा प्रयत्न करत होत्या, आणि पुढच्या बाईला विचारत होत्या, "गेली का गं गाडी? मला काही दिसत नाही."